‘आज तुम्ही काय करता?’
संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या इतिहासाचा शोध

धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त स्मरणिका निघावी, तीत चर्चच्या पायाभरणीपासूनचा वृत्तांत यावा, होऊन गेलेल्या धर्मगुरूंची नामावली यावी, आणि प्रापंचिकांनी चालविलेल्या संस्थांचाही थोडाबहुत इतिहास यावा, असा आपल्याकडील परिपाठ आहे. त्यास अनुसरून संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेविषयी लिहिण्याचे काम आम्हांकडे आले. काम सोपे आहे अशा समजुतीने आम्ही ते पत्करले. संस्था आपल्या नित्य परिचयाची. तिच्या नावाची पेटी सर्वांनी पाहिलेली. आजाऱ्याच्या दारी जाणारी सभासदांची जोडी सर्वांच्या ओळखीची. परंतु लिहावयास बसल्यावर ध्यानात आले की, जी वस्तू रोज डोळ्यांपुढे असते, तिचाच इतिहास सांगणे कठीण. ती कोठून आली, हे तिला कोणी विचारलेलेच नसते.

शोधास आरंभ करताच एक मौजेची गोष्ट हाती आली. संस्थेच्या प्रत्येक स्थानिक शाखेस ‘कॉन्फरन्स’ म्हणतात, हे आपण जाणतो. गरिबांस धान्य व औषधपाणी पुरविणाऱ्या मंडळीस हे सभा-संमेलनासारखे नाव का पडावे? याचे उत्तर असे की, ही संस्था मुळात एका इतिहास-मंडळाच्या पोटी जन्मास आली. तरुण विद्यार्थी इतिहासावर वादविवाद करीत बसले होते; त्यांस कोणी एकाने एक प्रश्न विचारला; आणि त्या प्रश्नाचे उत्तर देता देता ही संस्था निघाली. ज्या संस्थेचा जन्मच इतिहासाच्या अभिमानास मिळालेल्या एका टोल्यातून झाला, तिचा इतिहास लिहिणाऱ्याने किती सावधपणे लिहावयास हवे, हे वाचकांस निराळे सांगावयास नको.

तो काळ व ते स्थळ प्रथम डोळ्यांपुढे आणू. १८३० सालच्या क्रांतीने फ्रान्समध्ये एक राजा जाऊन दुसरा आला होता. विद्यापीठात धर्मश्रद्धेची हेटाळणी करणे हे विद्वत्तेचे लक्षण समजले जात होते. सेंट-सिमोनच्या अनुयायांसारखे नवे पंथ, ख्रिस्ती धर्माचे दिवस भरले, आता समाजाची घडी आम्ही बसवू, असे सांगत होते. १८३२ साली पॅरिस शहरात पटकीने हाहाकार उडविला. कारखान्यांच्या पाठीमागच्या अरुंद गल्ल्यांत माणसे कोंदट खोल्यांतून दाटीवाटीने राहत, आणि रोगाचा पहिला घाला त्यांच्यावरच पडे.

या शहरात १८३१ साली ल्योन गावचा एक तरुण कायद्याच्या अभ्यासासाठी आला. त्याचे नाव फ्रेडरिक ओझानाम. जन्म २३ एप्रिल १८१३ रोजी इटलीतील मिलान शहरी. वडील डॉक्टर; गरीब रोग्यांस ते विनामूल्य तपासत. पॅरिसला आल्यावर ओझानाम काही काळ आंद्रे-मारी अँपिअर या थोर शास्त्रज्ञाच्या घरी राहिला. विद्युत्प्रवाहाच्या मापास आज ज्यांचे नाव आहे तेच हे अँपिअर. आणि ते श्रद्धावंत कॅथलिक होते. ओझानामचा ओढा मात्र कायद्याहून इतिहासाकडे अधिक. सर्व जगाच्या धर्मांचा व रूढींचा इतिहास धुंडाळून ख्रिस्ती धर्माचे सत्य त्यातून सिद्ध करावे, असा ग्रंथसंकल्प त्याने अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वीच केला होता. हा संकल्प किती मोठा आणि आयुष्य किती लहान, हे त्यास पुढे कळावयाचे होते.

त्या वेळी एमान्युएल बाइयी नावाचे एक प्रौढ कॅथलिक गृहस्थ पॅरिसमध्ये होते. ते विद्यार्थ्यांस राहण्यास जागा देत, ‘ट्रिब्यून कॅथलिक’ नावाचे पत्र चालवीत, आणि त्यांच्याच आश्रयाने विद्यार्थ्यांचे एक इतिहास-मंडळ भरे. त्याचे नाव ‘इतिहासाची कॉन्फरन्स’. तेथे कोणत्याही मताच्या तरुणास बोलण्याची मुभा होती. ओझानाम व त्याचे मित्र तेथे ख्रिस्तसभेची बाजू मांडीत. मठवासी संन्याशांनी ग्रंथ जतन केले, ख्रिस्तसभेने रुग्णालये उभारली, अनाथांस आसरा दिला, रानटी टोळ्यांस माणसांत आणले, असे दाखले ते इतिहासातून काढून देत. एके दिवशी विरुद्ध पक्षाच्या एका तरुणाने त्यांस हटकले. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: तुमच्या धर्माने पूर्वी मोठी कार्ये केली हे मान्य; परंतु आज तुम्ही काय करता? तुम्ही जे स्वतःस कॅथलिक म्हणविता, ते तुमच्या श्रद्धेचे कोणते कृत्य आम्हांस दाखवाल?

वाद जिंकण्याच्या उद्देशाने गेलेल्या मंडळीस या प्रश्नाने निरुत्तर केले. येथेच आमच्या या सर्व कथेचे मर्म आहे. त्या तरुणाने इतिहास खोटा ठरविला नाही. इतिहास खरा आहे असे मान्य करूनच त्याने तो त्यांच्या हातातून काढून घेतला. पूर्वजांचे पुण्य हे पूर्वजांचे. वारसाने केवळ त्याची यादी वाचून दाखविली तर तो वारस कसला?

ओझानाम व त्याच्या मित्रांनी प्रश्नाचा राग धरला नाही. २३ एप्रिल १८३३ रोजी, म्हणजे ओझानामच्या विसाव्या वाढदिवशी, बाइयी यांच्या पत्राच्या कचेरीत एक लहानशी बैठक भरली असे परंपरा सांगते. बाइयी अध्यक्षस्थानी. तरुणांत ओझानाम, ऑग्युस्त ल तायांदिये, पॉल लामाश, फ्रांस्वा लालिए, फेलिक्स क्लावे व झ्यूल देव्हो हे सहा. नव्या मंडळास त्यांनी ‘सेवाकार्याची कॉन्फरन्स’ म्हटले. इतिहासाच्या कॉन्फरन्समधील जुना शब्द तेवढा सोबत राहिला, आणि तोच आजतागायत आपल्या धर्मग्रामांतून उच्चारला जात आहे. ठरले ते इतकेच, की प्रत्येकाने एखाद्या गरीब कुटुंबाच्या घरी स्वतः जावयाचे. पैसे थोडे, बैठकीच्या शेवटी जे जमेल तेवढेच. पोळी-लाकडांच्या चिठ्ठ्या कोठून आणाव्या आणि कोणत्या दारी जावे, हेही त्यांस ठाऊक नव्हते. ते त्यांनी कोणाकडून शिकून घेतले, हे पुढे येईलच.

येथवरची कथा अनेकांनी ऐकलेली असेल. परंतु संशोधकाने ऐकीव कथेवर थांबावयाचे नसते. आम्ही थोडे खोल गेलो, तो कथेच्या कडा पुसट होऊ लागल्या.

पहिली गोष्ट संख्येची. संस्थापक सात, असे सर्वत्र छापलेले आढळते. पण खुद्द ओझानामने १८५३ च्या जानेवारीत फ्लॉरेन्स येथे केलेल्या भाषणात आरंभीची संख्या आठ सांगितली आहे. आरंभीच्या सभासदांत ज्याची गणना होते असा आणखी एक तरुण लौकरच येऊन मिळाला होता, हे याचे कारण असावे. जो माणूस त्या बैठकीत स्वतः बसला होता, त्याची मोजणी आणि परंपरेची मोजणी जुळत नाही! यात कोणी खोटे बोलत नाही. वीस वर्षांपूर्वी एका खोलीत किती जण होते, हे तुम्ही-आम्ही तरी छातीठोकपणे सांगू शकू काय? मित्रांच्या बैठकीस ‘इतिहास’ हे नाव मागाहून मिळते. त्या रात्री कोणास तसे वाटलेले नसते.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक. संस्थेचा संस्थापक कोण? आज आपण एका श्वासात ओझानाम म्हणतो. त्याच्या मृत्यूनंतर मात्र यावर वाद झाला. वयाने व मानाने वडील असलेले बाइयी हेच खरे संस्थापक, असे काहींचे म्हणणे पडले. तेव्हा हयात असलेल्या सोबत्यांनी आपापल्या आठवणी लिहून काढल्या. त्या आठवणींत असेही येते की, वादविवाद पुरे झाले, आपण काही सत्कृत्य करणारी निराळी मंडळी जमवू या, हा विचार प्रथम बोलून दाखविणारा ल तायांदिये होता. ओझानाम हयातीत स्वतःस एकट्याचा संस्थापक म्हणवून घेत नसे. तो नेहमी ‘आम्ही’ म्हणे. आम्हांस वाटते, या वादाचा निकाल त्या ‘आम्ही’तच आहे. एकाने प्रश्न झेलला, एकाने मार्ग सुचविला, एकाने जागा व वडीलकीचा आधार दिला, आणि बाकीचे न बोलता त्या गरिबांच्या जिन्यांवरून वर चढले. प्रापंचिकांच्या संस्था अशाच जन्मतात. एकच पुतळा उभारण्याची घाई इतिहासकाराने करू नये.

तिसरी गोष्ट सर्वांच्या आवडीची. तो प्रश्न ऐकून अस्वस्थ झालेल्या ओझानाम व ल तायांदिये या दोघांनी, थंडीपासून बचावासाठी स्वतःपाशी असलेली लाकडे त्याच रात्री उचलून एका गरिबाच्या घरी नेऊन दिली, असे सांगतात. ही कथा आम्हांसही प्रिय आहे. परंतु ती ‘सांगतात’ या सदरात घालावी, ‘घडले’ या सदरात नव्हे. जेथे कागद बोलतो तेथे कागदाचे ऐकावे. जेथे आठवण बोलते तेथे ती आठवण आहे असे वाचकास सांगावे. असे केल्याने श्रद्धेस धक्का पोहोचत नाही. उलट, न तपासलेल्या दहा कथांपेक्षा तपासलेले एक पत्र श्रद्धेस अधिक भक्कम आधार देते.

आणि सुदैवाने पत्रे आहेत. ओझानाम मोठा पत्रलेखक होता. आईस, भावांस, मित्र लालिए यास त्याने लिहिलेल्या पत्रांतून संस्थेचे बालपण जसे दिसते, तसे कोणत्याही गौरवग्रंथातून दिसत नाही. चित्रातला ओझानाम सदा शांत व निश्चयी; पत्रांतला ओझानाम शंकेखोर, थकलेला, आपण आयुष्यात नेमके काय करावे याविषयी साशंक. संस्थेत भांडणेही झाली. १८३४ च्या अखेरीस सभासद शंभरांवर गेले. एका खोलीत मावेनात, एकमेकांस ओळखेनात. ओझानामने सुचविले की, मंडळीचे भाग करावे. यावर मोठी रणे माजली. पुष्कळांस वाटले, आपली मैत्री मोडली; जेथे आपण एक जीव होतो, तेथे आता तट पडणार. अखेर १८३५ च्या आरंभी विभागणी झाली. जी विभागणी त्या वेळी फुटीसारखी भासली, तिच्याचमुळे संस्था वाढली. कारण लहान मंडळी गरिबास नावाने ओळखते. मोठी मंडळी त्यास केवळ मोजते.

त्याच १८३५ सालच्या डिसेंबरात संस्थेचे नियम छापले गेले. ते लिहिण्यात लालिएचा वाटा मोठा. त्यापूर्वी, १८३४ च्या फेब्रुवारीत, ल प्रेव्हो या सभासदाच्या सूचनेवरून मंडळीने संत व्हिन्सेंट डी पॉल यांचे पालकत्व स्वीकारले होते. आणि ओझानामच्या सूचनेवरून पवित्र मारियेच्या आश्रयाखाली स्वतःस ठेवले होते. या नियमांतील एक भाव आमच्या कामाच्या थेट आड आला. सभासदांनी आपल्या सत्कृत्याचा गाजावाजा करू नये, नम्रता सोडू नये, गरिबाची लाज राखावी, असा तो भाव. बैठकीच्या शेवटी पेटी फिरते तीही अशी, की कोणी किती घातले हे शेजाऱ्यास कळू नये. आता सांगा, जी संस्था स्वतःचे नाव झाकण्याचाच नेम करते, तिचा इतिहास लिहावयाचा कसा?

कोणत्याही धर्मग्रामातील कॉन्फरन्सचे इतिवृत्त उघडून पाहा. आरंभीची प्रार्थना, आध्यात्मिक वाचन, मागील सभेचा वृत्तांत, जमा, खर्च, भेट दिलेली कुटुंबे, शेवटची प्रार्थना. आकडे असतात, माणसे नसतात. ज्या विधवेस पावसाळ्यात घर शाकारून दिले, तिचे नाव तेथे मिळण्याची आशा संशोधकाने धरू नये. ज्या मुलाची फी भरली, तो आज कदाचित मोठा अधिकारी असेल. त्याचाही उल्लेख एका आकड्यापलीकडे नसतो. सुरुवातीस आम्हांस याची रुखरुख वाटली. पुढे उमगले की हे मौन म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, ती संस्थेची सभ्यता आहे. आपल्या समाजात देणाऱ्याचे नाव संगमरवरावर कोरण्याची हौस फार. त्या पाटीखाली घेणाऱ्याची मान किती काळ लवलेली राहते, याचा विचार थोडका. संस्थेच्या वहीत मात्र घेणाऱ्याची मान ताठ आहे, कारण त्याचे नावच तेथे नाही. म्हणून आम्हीही निश्चय केला की, या लेखात एकाही साहाय्य घेणाऱ्याचे नाव शोधून छापावयाचे नाही. आणि म्हणूनच देणाऱ्यांची नावेही छापावयाची नाहीत.

परंतु एक मौन असे आहे की जे मोडलेच पाहिजे. सात संस्थापकांची नावे प्रत्येक पुस्तकात आहेत. त्यांस गरिबाच्या दारी नेणारी व्यक्ती पुष्कळदा तळटीपेत असते. ती म्हणजे भगिनी रोझाली रांद्यू. संत व्हिन्सेंट यांच्या ‘सेवाकन्या’ संघातील ही संन्यासिनी पॅरिसच्या मुफ्तार वस्तीत वर्षानुवर्षे गरिबांत राहून काम करीत होती. देव्हो हा खजिनदार तिच्याकडे गेला. तिने कुटुंबांची नावे दिली, चिठ्ठ्या दिल्या. आणि त्याहून मोलाचे म्हणजे, गरिबाच्या खोलीत पाऊल कसे टाकावे, उपदेश करण्यापूर्वी ऐकावे कसे, हे त्या शिकलेल्या तरुणांस शिकविले. ७ फेब्रुवारी १८५६ रोजी ती निवर्तली. २००३ साली ख्रिस्तसभेने तिला धन्यवादित घोषित केले.

मागे जावे तो हाच धागा दिसतो. संत व्हिन्सेंट यांनी १६१७ साली फ्रान्समधील शातियाँ गावी जी पहिली सेवामंडळी स्थापिली, ती प्रापंचिक स्त्रियांचीच होती. १६३३ साली संत लुईज द मारियाक यांच्यासह त्यांनी सेवाकन्यांचा संघ उभा केला. म्हणजे पॅरिसच्या तरुणांनी जी वाट धरली, ती स्त्रियांनी दोनशे वर्षांपूर्वी मळलेली होती. असे असता तरुणांच्या संस्थेत स्त्रियांस प्रवेश नव्हता! १८५६ साली इटलीतील बोलोन्या येथे सेलेस्तिना स्काराबेली या बाईंनी स्त्रियांची स्वतंत्र संस्था त्याच धर्तीवर काढली. आणि दोन्ही संस्था एक होण्यास १९६७ साल उजाडावे लागले. महोत्सवाच्या ग्रंथात गौरव तेवढा लिहावा आणि उणीव झाकावी, असे काहींस वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. आपल्या घरोघरी दारी आलेल्यास रिकाम्या हाताने न पाठविणारी आई असते; तिच्या सेवेस सभासदत्वाची वही उशिरा मिळाली, हे आपण कबूल केले तर संस्थेचा मान वाढेल, घटणार नाही.

संस्थेचा प्रसार मात्र झपाट्याने झाला. पॅरिसबाहेरची पहिली शाखा नीम शहरी निघाली. १८३६ साली ल्योन व रोम. १८४४ साली लंडन व डब्लिन. १८४५ साली अमेरिकेतील सेंट लुईस. पोप सोळावे ग्रेगरी यांनी १८४५ साली तिला मान्यता व आध्यात्मिक कृपालाभ दिले. फ्लॉरेन्सच्या त्या भाषणात ओझानामने सांगितले की, आता एकट्या पॅरिसात २,००० सभासद ५,००० कुटुंबांस भेटी देतात, आणि फ्रान्समध्ये सुमारे ५०० शाखा आहेत. वीस वर्षांत एवढी वाढ! पण वाढीबरोबर सरकारची नजरही आली. १८६१ साली फ्रान्सच्या सरकारने पॅरिसचे मध्यवर्ती मंडळ बंद पाडले. संस्था मेली नाही. शीर छाटले असताही ती जगली, कारण तिचा जीव मध्यवर्ती कचेरीत नव्हताच. तो गल्लीबोळांतील लहान लहान शाखांत होता. आज दीडशेच्या आसपास देशांत ती आहे.

ओझानामचे पुढील आयुष्यही या संशोधनात टाळता येत नाही, कारण त्याचे पुष्कळदा अर्धेच चित्र काढले जाते. तो केवळ दान देणारा सज्जन नव्हता. ल्योन येथे व्यापारी कायद्याचा अध्यापक असता त्याने मजुरीच्या न्याय्य दराचा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे मांडला होता. मजुरास जगण्यापुरते, मुलांस शिकविण्यापुरते व म्हातारपणी विसाव्यापुरते मिळालेच पाहिजे, ही त्याची विचारसरणी. भीक वाढून न्याय टाळता येत नाही, हे तो जाणून होता. पुढे तो सोर्बोन विद्यापीठात परकीय वाङ्मयाचा प्राध्यापक झाला. १८४८ च्या जून महिन्यात पॅरिसच्या रस्त्यांत मजूर व सैन्य यांची लढाई जुंपली, तेव्हा आर्चबिशप आफ्र यांनी मध्ये पडून समेट करावा, अशी विनंती करण्यास गेलेल्यांत ओझानाम होता. आर्चबिशप गेले, २५ जून रोजी मोर्च्यापाशी त्यांस गोळी लागली व दोन दिवसांनी त्यांनी प्राण सोडला. एका चांगल्या सल्ल्याची एवढी किंमत पडली. हे ओझे मनावर घेऊन उरलेली पाच वर्षे ओझानाम शिकवीत, लिहीत व गरिबांकडे जात राहिला. ८ सप्टेंबर १८५३ रोजी मार्सेय येथे, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, पत्नी व लहान कन्या मागे ठेवून तो गेला. ग्रंथसंकल्प अपुरा राहिला. २२ ऑगस्ट १९९७ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी पॅरिसच्या नोत्र दाम महामंदिरात त्यास धन्यवादित घोषित केले. तो थोर इतिहासकार होता, हे आज फार थोड्यांस ठाऊक आहे. तो गरिबांकडे गेला, हे सर्व जगास ठाऊक आहे.

आता आपल्या भूमीकडे वळू. फ्रान्समधील या तरुणांपूर्वी आपल्याकडे प्रापंचिकांचे सेवाकार्य नव्हते असे कोणी समजू नये. पोर्तुगालच्या राणी लिओनोर यांच्या पुढाकाराने १४९८ साली लिस्बन येथे ‘मिझेरिकॉर्दिया’ म्हणजे दयामंडळ स्थापन झाले. आजाऱ्यांची सेवा, बंदिवानांस साहाय्य, अनाथांचे पालन, बेवारशी मृतांस मूठमाती ही त्याची कामे. त्याच धर्तीची मंडळे गोव्यात आली, चौलास आली, आणि आपल्या वसईच्या कोटातही आली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा कोटातील तो सारा संसार संपला. आज आपण पाहुण्यांस कोट दाखवावयास नेतो. पडक्या कमानी दाखवितो, कोरीव अक्षरांवरून हात फिरवितो, येथे अमुक चर्च होते, तेथे तमुक मठ होता, असे अभिमानाने सांगतो. अशा वेळी एखाद्या चौकस पाहुण्याने सहज विचारले, की हे सर्व फार थोर, पण आज तुम्ही काय करता, तर? पॅरिसच्या त्या खोलीतील प्रश्न असा आपल्याही पडक्या भिंतींतून ऐकू येतो.

व्हिन्सेंट डी पॉल संस्था एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आली, आणि मुंबई व वसईच्या धर्मग्रामांतून तिने हळूहळू मूळ धरले. तिने दगडाची कमान बांधली नाही. तिच्यापाशी दाखविण्यासारखे काही असेलच तर ती एक पेटी, एक वही, आणि संध्याकाळी कोणाच्या तरी अंगणात जाऊन बसणारी दोन माणसे. शतकांमागून शतके टिकण्यासाठी बांधलेले पडले, आणि दर आठवड्यास नव्याने करावे लागणारे काम टिकले, हा योगायोग नव्हे.

शोधाच्या अखेरीस आम्हांस वाचक बंधुभगिनींपाशी दोन मागणी मागावयाच्या आहेत.

पहिली ही, की घरोघरच्या पेट्यांत, माळ्यांवर, जुन्या कपाटांत या संस्थेच्या व इतरही धर्मग्रामसंस्थांच्या ज्या वह्या, पावत्या, छायाचित्रे पडली असतील, ती वाळवीच्या व पावसाळी ओलीच्या तोंडी देऊ नयेत. ती धर्मग्रामाच्या दफ्तरात आणून द्यावी. ज्या वृद्ध मंडळीस जुन्या गोष्टी स्मरतात, त्यांच्यापाशी नातवंडांनी बसून त्या लिहून घ्याव्या. सांगणाऱ्याचे नाव व तारीख घालावी. ऐकीव ते ऐकीव म्हणून लिहावे, पाहिलेले ते पाहिलेले म्हणून. आणि ज्यांनी कधी साहाय्य घेतले त्यांची नावे छापू नयेत. एवढी पथ्ये पाळली तर पुढील महोत्सवाच्या लेखकास आमच्यासारखे चाचपडावे लागणार नाही.

दुसरी मागणी अधिक अवघड आहे. ही स्मरणिका आपण हाती घ्याल, ओळखीची नावे शोधाल, आजोबांचे छायाचित्र पाहून हर्षित व्हाल. ते योग्यच आहे. पूर्वजांचा आनंदाने उल्लेख करू नये असे कोण म्हणेल? परंतु ती मिटून ठेवण्यापूर्वी क्षणभर त्या अनामिक तरुणाची आठवण करा. तो आपल्या धर्माचा नव्हता, आपल्यावर टीका करावयास आला होता, आणि तरी या संस्थेच्या उपकारकर्त्यांत त्याची गणना केली पाहिजे. आपल्या धर्मग्रामाची इतकी वर्षे ही आपली मिळकत नव्हे. ते आपल्यावरचे देणे आहे. ते देणे लेख लिहून फिटत नाही, हे लेखकांस पुरते कळून चुकले आहे. म्हणून, ज्याच्या दारी अद्याप कोणी गेले नाही असे एखादे घर आपल्याच वाडीत, आपल्याच आळीत, किंवा नव्याने उठलेल्या चाळीत व इमारतीत आहे काय, याचा शोध आपण सर्वांनी मिळून घेऊ या. संस्थेच्या इतिहासाचे पुढील पान तेथे लिहिले जावयाचे आहे.

ज्याने भुकेल्यास दिलेले स्वतःस दिल्याप्रमाणे मानले, त्या प्रभूने आपल्या या धर्मग्रामावर कृपा करावी, आपल्या हातांस काम व अंतःकरणास नम्रता द्यावी, आणि पवित्र मारिया व संत व्हिन्सेंट यांच्या मध्यस्थीने, आज तुम्ही काय करता, या प्रश्नास मान वर करून उत्तर देण्याचे बळ आपणांस लाभावे, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.